रात्री रस्त्यावर सोडून दिलेला ट्रेलर

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय ते घरासमोर, गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या मोठ्या गाड्यांबद्दल, म्हणजे ट्रक, बस, ट्रेलर (ट्रकमागे जोडून ओढायचा, स्वतःचं इंजिन नसलेला भाग). बऱ्याच शहरांत वस्तीच्या रस्त्यावर या गाड्या रात्रभर लावायला बंदी असते, कुठे ठराविक तासच, कुठे फक्त माल उतरवण्यापुरती सूट. मग काही जण विचारतात, कार चालते तर ट्रक का नाही, टॅक्स तर तोही भरतो ना.

जरा मापं बघा. कार साधारण 4 ते साडेचार मीटर, मोठी बस 12 मीटरच्या आसपास आणि 40 फुटी कंटेनर नुसताच 12.19 मीटर, ओढणारी गाडी वेगळीच. रुंदी अंदाजे अडीच मीटर धरा, म्हणजे 7 मीटरच्या रस्त्याला दोन्हीकडे अशी एकेक गाडी लागली की मधे उरतात 2 मीटर, त्यातून फायर ब्रिगेडची गाडी जाणार कशी सांगा, तीच अडीच मीटरच्या आसपास रुंद असते.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सोडून दिलेल्या ट्रेलरची. त्याच्या लाइटचा करंट सहसा पुढच्या गाडीतून वायरने येतो, ती गाडी सुटून निघून गेली की मागचे दिवे बंदच. रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतील तर बाइकवाल्याला अगदी अंगावर येईपर्यंत कळत नाही की पुढे काहीतरी उभंय. आणि कार मागून धडकली तर बऱ्याचदा बंपरला बंपर लागतच नाही, बॉनेट ट्रेलरच्या खाली घुसतं आणि मार थेट समोरच्या काचेवर बसतो, आत माणसांची डोकी असतात हो तिथे. म्हणून ट्रक चार तास उभा राहिला तर मी एकवेळ समजून घेईन, सुटा ट्रेलर एक रात्रसुद्धा नको.

रस्त्याचंही सांगतो. 1958 ते 1960 मधे अमेरिकेत इलिनॉयमधे मुद्दाम टेस्टचे रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले होते, त्यातून दिसलं की एक्सलवरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण 16 पट होते. गल्लीतले रस्ते एवढ्या वजनासाठी बांधलेलेच नसतात.

आता ड्रायव्हरची बाजू, कारण ती कोणी मांडतच नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, आणि कायदा नसला तरी झोप येतेच ना माणसाला. नुसता बंदीचा बोर्ड ठोकला आणि शहराच्या कडेला लाइट, पाणी, टॉयलेट, राखण असलेली जागा दिली नाही तर तो शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहतो, किंवा डोळे मिटत असताना पुढे निघतो, आणि हे तर जास्तच वाईट.

तेव्हा सुटा ट्रेलर दिसला तर रात्र व्हायची वाट न बघता ट्रॅफिक पोलिसांना कळवा, गाडीचा नंबर आणि जागा नीट सांगा. आणि ट्रकच्या केबिनमधे कोणी झोपलेलं असेल तर फोन करायच्या आधी दारावर हलकेच टकटक करा, जवळपास ट्रक लावायची जागा माहीत असेल तर त्याला रस्ता सांगा.