बारालाचाच्या अलीकडची रात्र

इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अजून आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात आपण सगळ्यांनीच त्या आकड्याचा धसका घेतला होता. 94 च्या खाली गेला की घरात पळापळ. मागच्या वर्षी जुलैत, मनाली-लेह रस्त्यावर सायकलने जाताना, साधारण 4270 मीटर उंचीच्या झिंगझिंगबार या ठिकाणी आम्ही पाच जण एका ढाब्याच्या तंबूत बसलो होतो. चौघांचे आकडे 82 ते 86 च्या दरम्यान होते आणि चौघंही गरम डाळभात खात होतो, व्यवस्थित होतो. त्या उंचीवर असा आकडा येणं नेहमीचं आहे. पाचव्याचा आकडा आम्हाला माहीत नव्हता. "बोटं गार पडलीत, नंतर बघू," म्हणून त्याने हात पुढे केलाच नव्हता. आज मला मुख्यतः त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आम्ही मुलुंड-ठाण्याची माणसं. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. माझे यजमान, शाळेतल्या गणिताच्या बाई, माझी कॉलेजात जाणारी भाची, आणि आमच्या शेजारच्या इमारतीतला एक मुलगा. मुलगा म्हणते, पण वय 31. आमच्यात सगळ्यात तगडा तोच. रविवारी आम्ही येऊरचा चढ दोनदा चढायचो, तो चारदा. कसारा घाटात तो वर पोचून चहा पिऊन आम्हाला घ्यायला परत खाली यायचा. त्यामुळे काळजी करायची तर ती माझ्या गुडघ्यांची आणि बाईंच्या दम्याची, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

पाय मुंबईत तयार होतात. उंचीची सवय मात्र इथे राहून होत नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. मनाली, जिथून आम्ही पहिलं पॅडल मारलं, तीच 2000 मीटरच्या वर आहे. म्हणजे आपल्या राज्यात जिथे डोंगर संपतो, त्याच्याही वर या रस्त्याचा पायथा.

उंचीवर ऑक्सिजन कमी असतो असं आपण सहज म्हणतो. हवेतलं त्याचं प्रमाण दादर चौपाटीवर 21 टक्के आणि टांगलांग ला या आमच्या वाटेवरच्या उंच खिंडीतही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. 5300 मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही जवळपास निम्माच येतो. मुलांना मी हे वीस वर्षं फळ्यावर शिकवत आले. रोहतांग खिंडीत भाचीने सॅकमधून फरसाणाचं पाकीट काढलं, ते उशीसारखं टम्म फुगलेलं होतं, शिवण सुटेल की काय असं. तेव्हा तो दाब मला पहिल्यांदा हाताला लागला. टायरचंही तसंच. मुंबईत 40 पीएसआय हवा भरलेला टायर, तापमान तेच धरलं तर, टांगलांग लावर 47 दाखवतो. खडीवर पकड हवी असेल तर वर जाताना थोडी हवा सोडावी लागते. पांग या पुढच्या मुक्कामी, 4600 मीटरवर, पाणी साधारण 85 अंशांनाच उकळतं. कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही.

शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. आधी श्वास वाढतो. मग एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं रक्तातला अल्कलीपणा बाहेर टाकायला लागतात, म्हणून रात्री लघवीला उठावं लागतं. नव्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. यातलं काहीही मांडीच्या स्नायूंवर अवलंबून नाही. उलट ज्याचे पाय चांगले, तो लवकर वर पोचतो आणि शरीराला वेळच देत नाही. 1962 च्या युद्धाच्या वेळी सखल भागातले धडधाकट जवान एकदम उंचावर न्यावे लागले. त्या काळातल्या जवानांच्या आजाराचा अभ्यास लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि 1925 जवानांच्या नोंदी 1969 मध्ये प्रसिद्ध केल्या. जगभरातले डॉक्टर आजही त्या कामाचा आधार घेतात. निवडलेली, कसलेली माणसं होती ती, आणि उंचीने त्यांनाही सोडलं नाही.

नियम साधा आहे. 3000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. तो पाळायचा म्हणूनच आम्ही अटल बोगद्याच्या वाटेला गेलो नाही. 2020 पासून बहुतेक गाड्या त्या 9 किलोमीटरच्या बोगद्यातून जातात. आम्ही रोहतांगवरून गेलो, 3978 मीटर चढून पलीकडे सिस्सूला 3100 वर उतरून झोपलो. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, याइतकं चांगलं औषध नाही.

रोहतांगच्या पलीकडे पाऊस थांबतो. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो, आपल्याकडे जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडून जातो. हिरव्या डोंगरातून उघड्या, तपकिरी डोंगरात आपण उतरतो, आणि मग तांदी येतं. इथे चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात आणि पुढे चिनाब होतात. आमच्या गणिताच्या बाई पंढरपूरच्या. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, संगमाकडे बघून हात जोडले आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. आपल्या चंद्रभागेचा या पाण्याशी काही संबंध नाही, ती भीमा आहे, हे त्यांनाही माहीत आहे. पण लहानपणापासून एका दमात उच्चारलेल्या नावाचे दोन वेगळे प्रवाह समोर दिसले, तर माणूस थांबणारच. मीही थांबले.

तिथून आम्ही भागेच्या कडेकडेने वर निघालो, जिस्पा, दारचा, मग झिंगझिंगबार. या टप्प्यात बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहतात. ते सकाळी ओलांडायचे. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत येतं. चढावर पुढची 32 दातांची चकती, मागे 46 ची, पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच्या जरा वर सरकते. ताशी पाच किलोमीटर. त्या वेगाने रस्त्यातला प्रत्येक दगड ओळखीचा होतो. तो मुलगा त्या दिवशी नेहमीसारखा पुढे नव्हता, माझ्या मागे होता. मला वाटलं, सोबत करतोय.

इथेच मी चुकले होते. जिस्पा 3200 मीटर, झिंगझिंगबार 4270. मध्ये एक रात्र काढायला हवी होती. मी ती वाचवली, कारण लेहहून परतीची विमानाची तिकिटं काढलेली होती.

रात्री तंबूत सगळे पांघरुणात शिरलो. भाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, त्याने बूट काढलेले नाहीत." मी टॉर्च घेऊन गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. ताट तसंच बाजूला. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही गं ताई, ऊन लागलंय." मी म्हटलं, मग बूट काढ. तो नाडीकडे वाकला, आणि निम्म्यातच दोन्ही हातांनी डोकं धरून थांबला. वाकलं की कवटीत घण बसतोय, असं त्याने नंतर सांगितलं. दुपारपासून दोन गोळ्या गुपचूप घेतल्या होत्या. मग तो बाहेर जाऊन उलटी करून आला. बोट गरम करून आकडा घेतला. 71.

आम्ही त्याला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला लावलं. मेंदूला सूज येऊ लागली असेल तर माणूस तिथे झोकांड्या खातो. तो नीट चालला. पण डोकेदुखी थांबत नव्हती, आणि अशा वेळी खरं औषध एकच, खाली उतरणं. नशीब एवढंच की आम्ही बारालाचा खिंडीच्या अलीकडे होतो. पुढच्या दिवशी हेच खिंडीपलीकडच्या सरचूला झालं असतं तर? सरचू 4300 मीटरच्या आसपास, पण ते दोन्हीकडून कोंडलेलं आहे. मागे यायचं तर आधी बारालाचा चढा, जवळपास 4900. पुढे जायचं तर 5000 च्या वरची लाचुलुंग ला ही खिंड. खाली उतरायला आधी वर चढावं लागतं अशी ती जागा. नकाशा मी महिनाभर बघत होते, पण ही गोष्ट मला त्या रात्री कळली.

ढाब्यावर एक पिकअपवाला चहाला थांबला होता, लाहौलचाच. काही न विचारता त्याने पुढची सीट रिकामी केली. साडेनऊला निघालो, तीसेक किलोमीटर उतरून जिस्पाला आलो. हजार मीटर. मध्यरात्र उलटल्यावर त्याने चहा मागितला. बोटाला लावलं, 87. मी बाहेर येऊन भागेच्या काठावर बसले आणि मनसोक्त रडले.

सकाळी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तू रोज सकाळी सांगायचीस ना, पंधराला लेह, सोळाचं विमान. सगळ्यांची ट्रिप माझ्यामुळे बुडाली असती." हे त्याने रागाने म्हटलं नव्हतं. मला ते फार लागलं. मैत्रीत आपण एकमेकांना ओझं होऊ नये म्हणून जपतो, आणि उंचीवर नेमकं तेच जपणं घातक होतं.

विमान सोडलं. लेहच्या पुढे खारदुंग ला या खिंडीतही जायचं ठरलं होतं, तेही रद्द केलं. बाकीचे तिघे सायकलींवरून खाली आले. दोन रात्री जिस्पाला काढल्या, त्याला पूर्ण बरं वाटल्यावर सावकाश, मध्ये मुक्काम करत पुन्हा चढलो. आणि एक रीत पाडली. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: डोकं, पोट, झोप, आकडा. सुरुवात मी करायची. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "डोकं थोडं जड आहे, रात्री दोनदा श्वास अडकल्यासारखं होऊन जाग आली." लगेच यजमान म्हणाले, "माझंही." आठ दिवस एका तंबूत झोपून हे आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी गट घेऊन जात असाल तर एवढं नक्की करा, आणि जो पुढारी असेल त्याने आपलं दुखणं आधी सांगा.

गाटा लूप्सची 21 वळणं चढताना वरच्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागतो. ट्रकवाले सांगतात, फार वर्षांपूर्वी तिथे एक ट्रक बंद पडला. क्लीनर आजारी होता. ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फाने रस्ता बंद झाला, आणि तो परतेपर्यंत क्लीनर गेलेला होता. पाणी मागत गेला म्हणून येणारे-जाणारे त्याला पाणी ठेवतात. आमच्या त्या मुलाने आपली भरलेली बाटली तिथे ठेवली. पुढच्या पाण्यापर्यंत आम्ही चौघांनी आमच्यातलं त्याला दिलं.

पांगनंतर मोरे मैदान आहे, मैलोन् मैल सपाट, आणि त्याच्या शेवटी टांगलांग ला, 5328 मीटर. शेवटचा टप्पा आम्ही दोनशे पॅडल मारायचे आणि थांबायचं, असा चढलो. मोजायचं काम गणिताच्या बाईंकडे. वर पताका फडफडत होत्या, वारा इतका की बोलणं ऐकू येईना, त्यामुळे बोललो नाही. दहा मिनिटांत उतरायला लागलो.

खाली रुमत्से हे पहिलं गाव. कित्येक दिवसांनी शेत दिसलं, जवाचं, ओलं हिरवं. कडेने ओढा वाहत होता. तो मुलगा सायकल आडवी टाकून दगडावर बसला, वाकला, एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्याची, आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.