कोल्ड ब्रू आणि आपल्या किनाऱ्यावरचा उष्मा

नमस्कार, श्रोतेहो. कॉफीची पूड थंड पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची, एवढीच कोल्ड ब्रूची कृती असल्यामुळे ती कोकम सरबताइतकी सोपी वाटते. तरीही पहिल्या खेपेस ती बहुतेकांची बिघडते, आणि आपण दोष देतो कॉफीला.

माझी पहिली बरणी मे महिन्यातली होती. कृतीत ‘खोलीच्या तापमानाला 12 ते 18 तास’ असे लिहिलेले असल्यामुळे मी ती संध्याकाळी ओट्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर गाळली. पहिल्याच घोटाला जीभ कात धरल्यासारखी तुरट झाली. कृती लिहिणाऱ्याच्या मनातली खोली 20-22 अंशांची असते, तर आपल्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत रात्रीसुद्धा 28-30 अंश उष्मा असतो. पाणी जितके उबदार, तितका पुडीतला अर्क लवकर उतरतो आणि त्यामागोमाग कडवटपणाही येतो. शिवाय अशा हवेत भिजलेली पूड आंबण्याची भीती वेगळीच. म्हणून उन्हाळ्यात बरणी थेट फ्रिजमध्ये ठेवावी आणि 16 ते 18 तास द्यावेत. झाकण मात्र घट्ट हवे, कारण कॉफी शेजारचा वास चटकन ओढून घेते, आणि आपल्या फ्रिजमध्ये शेजारी कोण असते हे सुकट खाणाऱ्यांना सांगायला नको.

आता पुडीकडे वळू. दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची तयार पूड बारीक असते आणि तिच्यात बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली असते. पाकिटावर तिचे प्रमाण छापलेले असते, ते वाचून घ्यावे. चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड. ती पाण्यात सहज उतरते आणि रंग इतका गडद देते की कॉफी तयार झाली असे वाटते, पण चवीला ती जड, मातकट लागते. बिया आणून लापशीच्या रव्याएवढी भरड काढणे उत्तम. मिक्सर सलग फिरवला तर अर्धे पीठ आणि अर्धे तुकडे हाती येतात. तो थांबून थांबून फिरवावा आणि खाली बसलेले पीठ चाळून काढावे. ते पीठ सकाळच्या गरम कॉफीला चालते.

गढूळपणाचे मूळ या पिठातच असते, पण त्यात आपल्या हाताच्या सवयीचीही भर पडते. सोलकढीसाठी नारळाचा चव पिळून पिळून दूध काढणारा हात कॉफीची पुरचुंडीही तशीच आवळतो, आणि नेमका त्या शेवटच्या पिळ्यात गाळ व कडूपणा उतरतो. पुरचुंडी टांगून ठेवावी, गळेल तेवढे गळू द्यावे. मग ओल्या मलमलीतून पुन्हा गाळून, तासभर स्थिर ठेवून, वरची निवळ अलगद ओतून घ्यावी.

पाणचट झाली तर तास वाढवू नका, पूड वाढवा. अर्धा लिटर पाण्याला 60 ग्रॅम पूड घेतली की घट्ट अर्क उतरतो, जो पिताना तेवढेच पाणी किंवा दूध घालून सौम्य करायचा असतो. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे हाती 380 मिलिलिटरच्या आसपास अर्क आला तर बरणी गळली असे समजू नये. कोरडी पूड वर तरंगत राहिली तरीही कॉफी फिकी होते. आधी निम्मे पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटांनी उरलेले ओतावे.

पाण्याविषयी एकच सांगतो. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि तो मचूळपणा गाळून जात नाही. त्या दिवसांत पाणी दुसरीकडून आणावे.

गाळलेला अर्क काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. दूध घातलेली कॉफी मात्र त्याच दिवशी संपवावी. बाटलीवर गाळल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि झाकण उघडताना फसफस झाली किंवा आंबूस वास आला, तर चव घेऊन खात्री करत न बसता ती मोरीत ओतावी.