द्राक्षबागेचा हात आणि आमराईची झाडं

सांगलीत कुणाला छाटणी शिकवायला जायचं म्हणजे जरा धाडसच, कारण तासगाव-पलूस पट्ट्यात घरटी एक तरी माणूस द्राक्षबागेत वाढलेला, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोड छाटणी, कात्री हातात बसलेली. आणि आमराईत, म्हणजे आमच्या शहरातल्या बागेत, नेमका तोच हात आडवा येतो.

हे स्क्रीनवर दिसतायत ते मामा तासगावकडचे, आता सांगलीत लेकाकडं असतात, रविवारी आमच्याबरोबर फांद्या काढायला येतात. आल्या आल्या म्हणाले, "एवढं काय बघत बसलाय, दोन डोळं ठेवा नि उडवा की!" डोळं म्हणजे फांदीवरचे कोंब. द्राक्षाला ते बरोबरच आहे, तिथं नव्या फुटीवर घड पाहिजे असतो. पण कडुलिंब-गुलमोहराकडून आपल्याला काय घड घ्यायचाय का? इथं वाळकं, मोडकं, एकमेकांवर घासणारं लाकूड वळवाच्या वाऱ्याआधी खाली आणायचं, बास. शेंडाच उडवला की भराभर फुटी येतात, लोकांना वाटतं झाड खुश झालं, पण त्या फुटी नुसत्या वरवर धरलेल्या असतात आणि जाड झाल्या की पहिल्या त्याच मोडतात.

आता हा कट नीट बघा. जाड फांदी एका दमात कापली तर पडताना खोडाची साल सोलत येते, म्हणून तीन कट. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालून, अर्ध्याच्या आतच. दुसरा त्याच्या थोडं पुढं वरून, की फांदी खाली. राहिलेला खुंट तिसऱ्या कटात, तोही खोडाला घासून नाही, फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखा कडा दिसतोय ना, कॉलर म्हणतात त्याला, त्याच्या बाहेरून. कारण साल चढत येते ती तिथूनच. खुंट लांब ठेवला तर खुंट कुजतो, कॉलर कापली तर कुज खोडात शिरते.

मग कापलेल्या जागी फासायच्या लेपाचा, बोर्डो पेस्टचा वाद. मामा डबा घेऊनच येतात, मोरचूद, चुना, सगळं घरी कालवलेलं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून बघितली आणि सांगितलं की झाड कुजका भाग आतल्या आत अडवून टाकतं, वरून रंग फासून कुज थांबत नाही. मामांना हे पटलेलं नाही, "आंब्याला तर लावणारच" म्हणतात, आणि आंब्याला लावा असं कृषीवालेही सांगतात, त्यामुळं डबा अजून चालू आहे.

आंब्याची मात्र सध्या फक्त वाळकी काटकी काढायची, बाकीचं फळं उतरल्यावर लगेच, कारण मोहोर येतो शेंड्याला आणि उशिरा छाटलं तर नवा शेंडा तयार व्हायच्या आत थंडी येते. घरटं असलेली फांदी सोडून द्यायची, कावळ्याचं असलं तरी. आणि परवानगी आधी, शहरातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे, सेवा करतोय म्हणून करवत लावता येत नाही.

यायचं असेल तर बूट घालून या, फुल शर्ट घाला, आंब्याचा चीक उततो. कोयता घरीच ठेवा.