सिद्धांतप्रेमी प्रोग्रामरच्या पोस्ट आणि त्याचा स्वभाव
(दापोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, घरून काम करण्याची सोय झाल्यापासून हर्णैपासून गुहागरपर्यंत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतले प्रोग्रामर आपापल्या गावच्या घरी येऊन राहू लागले आहेत. ते दिवसभर माडीवर दार लावून बसतात, त्यामुळे गावाला त्यांची ओळख होते ती बहुधा त्यांच्या पोस्टमधून. त्यांतला जो सिद्धांतप्रेमी असतो, म्हणजे जो लॅम्डा कॅल्क्युलस आणि टाइप थिअरी (प्रोग्रामिंगच्या मुळाशी असलेले गणिती सिद्धांत) आणि हॅस्केल (त्यांवर बेतलेली प्रोग्रामिंगची भाषा) यांवर हौसेने लिहितो, त्याच्याविषयी गावाचे मत लवकर ठरते: हुशार आहे, पण शिष्ट आहे. या मताचा पहिला अर्धा भाग पोस्टवरून काढता येतो. दुसरा अर्धा भाग मात्र ज्या पोस्टवरून काढला जातो, त्यांतून तो निघत नाही, असे मला आज मांडायचे आहे.

मानसशास्त्रात स्वभाव मोजण्यासाठी सध्या पाच गुणांची चौकट सर्वाधिक वापरली जाते: नव्या अनुभवांविषयी आणि कल्पनांविषयी खुलेपणा, नेटकेपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. २०१३ साली कोसिन्स्की, स्टिलवेल आणि ग्रेपेल या संशोधकांनी ५८,४६६ स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील ‘लाइक’ घेऊन त्यांवरून हे गुण ओळखता येतात का ते तपासले. खुलेपणाच्या बाबतीत अंदाज आणि चाचणीचा निकाल यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.४३ आला, तर सौजन्याच्या बाबतीत तो ०.३० च्या आसपास राहिला. म्हणजे माणसाला कशात रस आहे यावरून त्याची कल्पनांची ओढ बऱ्यापैकी कळते, पण तो शेजाऱ्याशी कसा वागतो हे पुष्कळच कमी कळते. अमूर्ताची ओढ म्हणजे तुसडेपणा, हे समीकरण निदान आपल्या तालुक्यात तरी कोणी मांडू नये. इथल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले, आणि पुढे त्यांनी उभी हयात शिक्षणात आणि सार्वजनिक कामात घालवली.

मग सौजन्य, नेटकेपणा किंवा अहंकार शोधायचा कुठे? माझ्या मते, कोणी चूक दाखवल्यानंतर त्याने काय लिहिले तिथे. एक कल्पित पण नेहमी आढळणारे उदाहरण जवळून पाहू. आपला प्रोग्रामर लिहितो, ‘कोणतीही यादी दोनदा उलटी केली की मूळ यादीच मिळते, हे दोन ओळींत सिद्ध होते.’ खाली रत्नागिरीची एक विद्यार्थिनी विचारते, ‘दादा, यादी अनंत असेल तर?’ प्रश्न रास्त आहे. हॅस्केलमध्ये अनंत यादी लिहिता येते, पण ती उलटी करायची तर आधी शेवट गाठावा लागतो आणि शेवट तर नाहीच. त्यामुळे प्रोग्राम चालतच राहतो, हाती काही लागत नाही. आता दादांपुढे तीन वाटा असतात. मूळ पोस्ट गुपचूप काढून टाकावी. ‘इथे मर्यादित याद्यांविषयीच बोलणे चालले आहे हे जाणकारांना कळते’ असे सुनवावे. किंवा मूळ वाक्यात ‘मर्यादित’ हा शब्द घालून, दुरुस्ती कोणामुळे झाली तेही खाली नोंदवावे. पोस्टचा विषय तिन्ही वेळी तोच आहे, सिद्धांतही तोच आहे. माणसे मात्र तीन आहेत.

या तिसऱ्या वाटेचा थोर नमुना म्हणजे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ. आपल्या पुस्तकांत चूक शोधून देणाऱ्याला ते २००८ सालापर्यंत २.५६ डॉलरचा धनादेश पाठवत असत, कारण २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायातला एक डॉलर (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजले, तर शंभराच्या जागी १६ × १६ म्हणजे २५६ येतात). १९७७ साली एका टिपणाच्या शेवटी त्यांनी बजावले होते, की वरच्या कोडमधल्या चुकांपासून सावध राहा, कारण तो बरोबर असल्याचे मी फक्त सिद्ध केले आहे, चालवून पाहिलेला नाही. समाजमाध्यमे यायच्या कितीतरी आधीच्या या एका वाक्यात सिद्धांतावरचे प्रेम आहे, त्याच्या मर्यादेची जाण आहे आणि स्वतःला चिमटा काढण्याची तयारीही आहे. नुसते ‘मी अमुक सिद्ध केले’ एवढेच वाक्य असते, तर यातले पहिलेच हाती लागले असते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘वरून तर्ककठोर, पण आतून हळवा’ अशा धर्तीचे वर्णन कोणालाही चिकटते. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘खास तुमचे’ म्हणून जे स्वभाववर्णन दिले, ते सर्वांना एकच होते. तरीही त्याच्या अचूकपणाला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पोस्ट वाचून स्वभाव सांगणाऱ्याचे वाक्य दुसऱ्या कोणालाही लागू पडत असेल, तर ते खुशाल सोडून द्यावे.

दुसरी अडचण आपल्या मुलखाची आहे. शब्दांवरून स्वभाव ओळखण्याचे गाजलेले काम बहुतांशी इंग्रजी लिखाणावर झाले आहे. २०१३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ७५,००० स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील मजकुरातले शब्द आणि शब्दसमूह तपासले गेले. अशा पद्धतीत ‘मी’ किती वेळा येतो याला महत्त्व असते. मराठीत ‘सांगतो’, ‘करून बघतो’ म्हटले की ‘मी’ न लिहिताही भागते, म्हणून ती मोजणी जशीच्या तशी इथे लावता येत नाही. शिवाय कोकणातला तिरकसपणा! मित्राने नवी लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरता येईल असा तयार कोड, लिहून प्रसिद्ध केल्यावर ‘झाले का दुकान सुरू? आता गिऱ्हाईक शोधा’ असे लिहिणारा माणूस बहुधा ती सर्वांत आधी उतरवून घेणारा असतो. परक्या नमुन्यांवर घडलेले यंत्र तिथे सौजन्याचे गुण कापील. मुरुडची आजी कापणार नाही.

चहाच्या वेळी एका उद्योजकांनी विचारले, की मग उमेदवाराच्या पोस्ट वाचून त्याला नोकरी द्यावी की नाही? मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० साली मांडलेला एक निष्कर्ष इथे कामाचा आहे. मनातली चिंता, अस्वस्थता यांविषयी माणूस स्वतः अधिक अचूक सांगतो. बुद्धी किंवा सर्जनशीलता यांसारख्या, चारचौघांत मिरवाव्याशा वाटणाऱ्या गुणांविषयी मात्र त्याच्यापेक्षा त्याचे मित्र अधिक अचूक ठरतात. म्हणून ‘टाइप थिअरीची आवड’ हे वाक्य पाहून हुरळूही नये आणि बिचकूही नये. त्याने नवशिक्यांना दिलेली जुनी उत्तरे काढावीत, आणि ज्या प्रश्नात प्रश्नकर्त्याचेच काहीतरी चुकले होते तिथे त्याने ते कसे सांगितले ते पाहावे. त्यानंतर त्याच्याबरोबर काम केलेल्या एखाद्याला फोन करावा. आणि त्याला मनावर ताण येतो का, हे पोस्टमध्ये शोधत बसण्यापेक्षा, नोकरी दिल्यावर अधूनमधून त्यालाच विचारावे. निवडीच्या वेळी विचारलेत, तर खरे उत्तर कोणीही देणार नाही.