धनी बदलला, युनियनचं काय?

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय कायद्याचा आहे, पण त्यातलं भांडण शेवटी हजेरीपटावर येऊन थांबतं. अमेरिकेत कारखान्याला नवा मालक आला, की त्याने जुन्या युनियनशी बोलणी करायची का, हे ठरवण्यासाठी कामगारांत जुने किती आणि नवे किती ते मोजायचं. आणि तंटा होतो तो कोणत्या दिवशी मोजायचं, यावर.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचं जुनं शहर. तिथे स्टर्लिंगवेल नावाची कंपनी तीसहून अधिक वर्षं कापड रंगवण्याचं आणि फिनिशिंगचं काम करत होती. जवळजवळ तेवढीच जुनी तिथली युनियन. धंदा बसत गेला आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनीने उत्पादनावरच्या सगळ्या कामगारांना घरी बसवलं. मुंबईतला गिरणी संप तेव्हा नुकताच सुरू झाला होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण तारीख वाचली की आपल्याला ते आठवणारच. उन्हाळा सरता सरता स्टर्लिंगवेलने गाशा गुंडाळला.

सप्टेंबरमध्ये त्याच इमारतीत, त्याच यंत्रांवर दुसरी कंपनी उभी राहिली. तिचा एक संस्थापक जुन्या कंपनीची विक्री सांभाळणारा उपाध्यक्ष, दुसरा जुन्या कंपनीच्या एका बड्या गिऱ्हाईकाचा प्रमुख. सुपरवायझर घेतले १२, त्यातले ८ जुनेच. १९ ऑक्टोबरला युनियनने पत्र धाडलं : आम्हाला मान्यता द्या, बोलणी करा. त्या वेळी २१ कामगार होते, त्यातले १८ जुने. कंपनीने उत्तर दिलं, या मागणीला कायद्याचा आधार नाही.

जानेवारीच्या मध्याला एक पाळी भरली. कामगार ५५, जुने ३६. एप्रिलमध्ये दोन पाळ्या झाल्या, कामगार १०७ आणि जुने ५२ किंवा ५३, म्हणजे निम्म्याला जेमतेम कमी. जानेवारीत मोजलं तर युनियन जिंकते, एप्रिलमध्ये मोजलं तर कंपनी!

यातलं मूळ तत्त्व १९७२ च्या बर्न्स खटल्यात ठरलं होतं. कॅलिफोर्नियातल्या लॉकहीडच्या एका कारखान्यावर पहाऱ्याचं काम एका कंपनीकडून बर्न्सकडे गेलं. बर्न्सने ४२ रखवालदार नेमले, त्यातले २७ आधीच्याच कंपनीचे. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बहुसंख्य माणसं तीच आहेत, तर त्यांच्या युनियनशी बोलणी करावी लागतील. पण जुन्या मालकाने सही केलेला करार तुमच्या गळ्यात पडणार नाही. म्हणजे बोलायला बसायचं, मात्र सुरुवातीचे पगार नवा धनी स्वतः ठरवू शकतो. सगळ्या जुन्यांना ठेवणार हे आधीच स्पष्ट असेल, तरच त्या अटींवरही आधी युनियनशी बोलणं भाग पडतं.

फॉल रिव्हरचा निकाल जून १९८७ मध्ये लागला, सहा विरुद्ध तीन. कोर्टाने जानेवारी धरला. निरनिराळ्या कामांवर माणसं लागली, उत्पादन नेहमीसारखं चालू झालं, की कामगारांचा तो गट पुरेसा आणि प्रातिनिधिक समजायचा; पुढे कधीतरी भरती पूर्ण होईल म्हणून कामगारांनी ताटकळायचं नाही. ऑक्टोबरचं पत्र लवकर आलं असलं तरी ती मागणी तेव्हापासून उभीच होती, असंही ठरवलं. विरोधातल्या न्यायमूर्तींचं म्हणणं, दुसरी पाळी येणार हे माहीत असताना अर्ध्यावर मोजायचं कशाला? मला हा मुद्दा अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण तो मानला, तर कोणत्या दिवशी मोजायचं हे मालकाच्या भरतीच्या वेळापत्रकावर ठरेल.

अडचण निकालानंतरही उरतेच. कुणाला घ्यायचं ते नवा मालक ठरवणार. युनियनचा माणूस म्हणून नाकारणं बेकायदा आहे, पण तेच कारण होतं हे सिद्ध कसं करायचं?

मग युनियनने गेटवर फलक घेऊन उभं राहावं का? तिथेही घड्याळ लावलेलं आहे. मान्यतेसाठी असं पिकेटिंग करायचं, तर अमेरिकी कामगार कायद्यातल्या १९५९ च्या दुरुस्तीनुसार वाजवी मुदतीत, फार तर ३० दिवसांत, कामगारांना युनियन हवी की नको याच्या निवडणुकीसाठी अर्ज करावा लागतो. ‘इथे युनियनशी करार नाही’ असं लोकांना खरंखरं सांगणारा फलक त्यानंतरही धरता येतो. पण समजा माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने तो फलक वाचला आणि गाडी मागे वळवली. असे ट्रक परतू लागले आणि माल पोचणं खरोखर अडलं, की तोच फलक बेकायदा ठरू शकतो. अक्षरं तीच, हात तेच! मात्र मालकाच्या बेकायदा वागणुकीचा निषेध म्हणून केलेलं पिकेटिंग या ३० दिवसांच्या हिशेबात येत नाही. त्यामुळे गेटवर उभं राहण्याआधी फलकावर काय लिहायचं, हे वकिलाला विचारावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न बार्शी लाइट रेल्वेने आणला. १९५४ च्या पहिल्या दिवशी सरकारने ती रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली. बहुतेक कामगारांना सरकारी रेल्वेने घेतलं, पण कंपनीकडून कपातीची भरपाई मिळावी यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये कोर्टाने सांगितलं, चालू उद्योगातून जादा माणूस काढणं म्हणजे कपात. उद्योगच दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे. मग १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यातलं २५ एफएफ हे कलम नव्याने लिहिलं गेलं. सेवा अखंड, अटी आधीपेक्षा वाईट नाहीत आणि पुढच्या भरपाईत जुनी सेवा धरायची, एवढं नव्या मालकाने मानलं नाही, तर वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई द्यायची.

युनियनशी बोलण्याबद्दल त्या कलमात शब्द नव्हता. पण त्याच १९४७ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये वेगळीच सोय होती. सरकारी समेट अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने झालेला करार मालकाच्या वारसांवर आणि उत्तराधिकाऱ्यांवरही बंधनकारक होता. आपसात बसून केलेला करार मात्र सही करणाऱ्या पक्षांपुरताच. तेव्हा श्रोतेहो, आपला कारखाना विकला जाणार अशी कुणकुण लागली, तर कपाटातला करार आधी काढा आणि तो कुणासमोर झालाय, ते शेवटच्या पानावर बघा.

नमस्कार.