स्वेटरवाले तिबेटी आणि मुंडगोडचे मठ

थंडी पडली की आपल्या शहरांत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. उरलेलं वर्ष ही मंडळी कुठे असतात? धरमशालेला, असंच आपण धरून चालतो. पण यातले कितीतरी जण कर्नाटकातल्या शेतांवर परततात. आणि एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यातही आहे बरं का, नवेगावबांधच्या बाजूला. नोर्गेलिंग, १९७२ पासून.

तर, मार्च १९५९. दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले, मागोमाग हजारो लोक. त्यांत ल्हासा परिसरातल्या ड्रेपुंग, सेरा आणि गांदेन या तीन मोठ्या मठांचे भिक्षूही होते. त्यांची सोय कुठे झाली? बंगालमधल्या बक्सा किल्ल्यात! इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना जिथे डांबलं, तिथेच. दमट हवा, त्यात क्षयरोग. कितीतरी भिक्षू तिथेच वारले. तरी पाठांतर सुरू राहिलं. माझ्या मते खरी गोष्ट बक्साचीच आहे. इमारती मागे राहिल्या होत्या, मठ उरला होता तो या माणसांच्या तोंडपाठ असलेल्या विद्येत.

दरम्यान म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, तिबेटींना वस्तीसाठी जमीन दिली होती. आधी म्हैसूरकडचं बायलाकुप्पे, मग १९६६ मध्ये हुबळीकडचं मुंडगोड. जमीन म्हणजे काय, तर जंगल. झाडं तोडा, हत्तींना हुसकवा, मका पेरा. १९७० च्या आसपास बक्साचे भिक्षू इकडे आले. सेरा बायलाकुप्पेला, ड्रेपुंग आणि गांदेन मुंडगोडला. जन्मभर तर्कशास्त्र घोकलेल्या हातांत कुदळ आली.

आता या मठांत हजारो भिक्षू शिकतात. त्यांचा वादविवाद बघाच. उत्तर देणारा खाली बसलेला, विचारणारा उभा. प्रश्न टाकला की पाय आपटून खाडकन टाळी! समोरचा अडखळला की आजूबाजूचे ओरडून त्याची फिरकी घेतात. आणि अभ्यासाला कोण? धर्मकीर्ती, चंद्रकीर्ती, वसुबंधू. सगळे आपल्याकडचे जुने बौद्ध विचारवंत. इथे हे ग्रंथ विद्यापीठांतल्या मोजक्या लोकांपुरते उरलेत, तिथे पोरं ते पाठ करतात. गेशे ही पदवी मिळायला वीसेक वर्षं सहज जातात.

जमीन मात्र अजून भाडेपट्ट्यावरच आहे, मालकीची नाही.

जायचं असेल तर हुबळीहून मुंडगोड साधारण ५० किलोमीटर. परदेशी पाहुण्यांना परवाना लागतो, आपल्याला नाही. वाद सुरू असताना मध्ये मोबाईल घेऊन घुसू नका, एवढंच.