फेएट: भट्टी विझल्यानंतरचं गाव

(दृश्य: सरोवराचं निळंहिरवं पाणी, पलीकडे चुनखडीचा उभा पांढरा कडा.)

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा हा उत्तरेकडचा भाग. मिशिगन सरोवरात शिरलेलं गार्डन द्वीपकल्प आणि त्याच्या कुशीतलं हे छोटंसं बंदर. नाव स्नेल शेल, म्हणजे गोगलगाईचा शंख. आज इथे लाटेचा आवाजही मोठा वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र इथली भट्टी रात्रंदिवस धगधगत असायची.

याच भागातल्या नेगॉनी गावच्या खाणीतलं लोहखनिज दूरच्या कारखान्यांकडे पाठवायचं, तर त्यातल्या निरुपयोगी दगडाचंही भाडं भरावं लागे. त्यापेक्षा खाणीच्या जवळच लोखंड गाळावं, असं जॅक्सन आयर्न या खाणकंपनीचे कारभारी फेएट ब्राउन यांनी ठरवलं. इथे बोटींना आडोशाचं बंदर होतं, कड्यात चुनखडी होती आणि मागे मॅपलचं दाट रान होतं. 1867च्या नाताळात पहिली झोतभट्टी पेटली. गावाला नावही ब्राउन यांचंच मिळालं.

(दृश्य: भट्टीचे दगडी बुरूज, आतून वर पाहताना.)

खनिज रेल्वेने एस्कनाबा बंदराला यायचं, तिथून बोटीने इथे. भट्टीत वरून खनिज, लोणारी कोळसा आणि चुनखडी टाकायची, खालून गरम हवेचा झोत सोडायचा. चुनखडी खनिजातली घाण ओढून घेई, ती मळी होऊन वर तरंगे आणि तळाशी साचे लोखंडाचा रस.

गावात सुमारे 500 माणसं. कॅनडातून, ब्रिटनमधून, उत्तर युरोपातून आलेली. घरं कंपनीची, दुकानही कंपनीचंच. व्यवस्थापकाचं ऐसपैस पांढरं घर आणि मजुरांच्या ओंडक्यांच्या झोपड्या, या दोहोंत गावाची सगळी उतरंड दिसते.

फेएटला लोखंडाचं गाव म्हणतात. मला ते लाकडाचं गाव वाटतं. प्रत्येक टन लोखंडामागे रानातली किती झाडं कोळसा झाली असतील! जवळचं रान संपत गेलं, कोळसा महागला. तिकडे कोकवर, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनावर, चालणाऱ्या भट्ट्या स्वस्तात लोखंड काढू लागल्या. 24 वर्षांत सव्वादोन लाख टनांहून अधिक लोखंड देऊन 1891मध्ये फेएटची भट्टी विझली.

पुढे इथे मासेमार राहिले, उन्हाळी पाहुणे येऊ लागले. 1959मध्ये गाव राज्य सरकारकडे आलं आणि पडक्या भिंती सावरल्या गेल्या.

(दृश्य: किनारा, जवळून.)

हे गोटे नीट पाहा. काचेसारखे चमकणारे. हा दगड नाही, भट्टीतली मळी आहे. सरोवर अजून ती घासतंय.